गिटार एकट्याची, तालीम सगळ्यांची

कोल्हापूर : ‘तालीम’ या शब्दाला कोल्हापुरात दोन घरे आहेत. लाल मातीच्या हौद्यात पैलवान करतात ती तालीम आणि गुरूसमोर तंबोरा घेऊन बसलेला शिष्य घेतो तीही तालीमच. पहिल्या अर्थाने मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावे महाराष्ट्रभर गेली. दुसऱ्या अर्थाने, राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गवई म्हणून आलेल्या उस्ताद अल्लादियाखाँ यांच्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याचे नाव या शहराशी कायमचे जोडले गेले. या दोन्ही तालमींत एक गोष्ट समान आहे. तिथे कोणी एकटा घडत नाही. वस्ताद डाव सांगतो. पण तो डाव अंगात मुरतो तो रोज अंगाला अंग भिडवणाऱ्या जोडीदारामुळे.

गिटार शिकणाऱ्या प्रौढ माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा एकटेपण येते. नोकरी, दुकान वा संसार सांभाळून तिशी-चाळिशीत कोणी हौसेने गिटार घेतो. पहिला महिना उत्साहात जातो. मग बोटांची टोके दुखू लागतात, कॉर्ड बदलताना हात अडतो, घरातले ‘आज पुन्हा तेच का?’ असे विचारतात आणि एक दिवस गिटार कपाटावर चढते. चूक कौशल्याची नसते. आपण पुढे सरकतो आहोत की नाही हे सांगणारे कोणी जवळ नसते, हे खरे कारण असते. अमेरिकेच्या दक्षिण भागात जन्मलेल्या ‘ब्लूज’ संगीताचा आणि ते बोटांनी वाजवण्याच्या ‘फिंगरस्टाइल’ पद्धतीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. वरवर पाहता ही एकट्या कलावंताची कला. प्रत्यक्षात ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, सोबत्यांकडून आणि एखाद्या घरातल्या मुलांच्या आग्रहातून वाढली.

अंगठ्याचे राज्य

गिटार वाजवण्याच्या दोन ढोबळ पद्धती आहेत. एकीत प्लास्टिकच्या लहान त्रिकोणी पट्टीने, म्हणजे पिकने, तारा छेडतात. दुसरीत उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे स्वतंत्रपणे काम करतात. हीच फिंगरस्टाइल. गिटारला सहा तारा असतात. खालची, सर्वांत बारीक तार पहिली आणि वरची, सर्वांत जाड तार सहावी. सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारेवर अंगठ्याची सत्ता. उरलेल्या तीन तारा तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेच्या.

ब्लूजमध्ये अंगठ्याला विशेष मान आहे. तो ठेका धरतो. तबल्यातील डग्ग्याचे काम आणि तंबोऱ्याच्या खर्जाचे काम, ही दोन्ही तो एकटाच करतो असे म्हटले तरी चालेल. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील, म्हणजे ‘डेल्टा’ परंपरेतील अनेक वादक अंगठ्याने एकच जाड तार प्रत्येक मात्रेवर सारखी वाजवत राहत. पूर्व किनाऱ्याकडील ‘पीडमॉन्ट’ परंपरेत अंगठा दोन-तीन जाड तारांवर आलटून पालटून पडतो आणि त्यातून चालत्या गाडीसारखी लय निर्माण होते. त्या लयीवर बोटे गाण्याची चाल वाजवतात. त्यामुळे एकच माणूस वाजवत असला तरी ऐकणाऱ्याला दोघे वाजवत आहेत असा भास होतो. ‘रोलिंग स्टोन्स’चा गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स याने रॉबर्ट जॉन्सनची ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकली तेव्हा हा दुसरा वादक कोण, असे विचारले होते. हा किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे. दुसरा वादक नव्हताच.

शिकणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. अंगठ्याने एक करायचे आणि बोटांनी दुसरे, हे मेंदूला सुरुवातीला पटत नाही. बोट हलले की अंगठा थांबतो, अंगठा सांभाळावा तर चाल हरवते. हार्मोनियमवर डाव्या हाताने भाता आणि उजव्याने स्वर सांभाळणाऱ्याला, किंवा तबला-डग्ग्यावर दोन हात वेगळे चालवणाऱ्याला या अडचणीची कल्पना येईल. उपाय एकच आहे. अंगठा इतका घोटावा की त्याच्याकडे लक्ष देण्याची गरजच उरू नये. अंगठा चालू ठेवून शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली की समजावे, पहिला टप्पा पार पडला. आता ‘शेजारच्याशी’ बोलायचे तर शेजारी कोणीतरी असावे लागते, हेही ओघाने आलेच.

बोटे किती वापरावीत, याविषयी नवशिक्यांच्या मनात विनाकारण धास्ती असते. न्यूयॉर्कमध्ये राहणारे अंध कलावंत रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचे वादन आजही गुंतागुंतीचा नमुना मानले जाते. ते अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवत. मिसिसिपी जॉन हर्ट अंगठा आणि दोन बोटांनी वाजवत. तेव्हा चार बोटे चालत नाहीत म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

बारा बारांचे आवर्तन

ब्लूजची रचना मराठी श्रोत्याला वाटते तितकी परकी नाही. तिचा सर्वाधिक रूढ साचा बारा ‘बार’चा आहे. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचे एक आवर्तन. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. गाणारा बदलो, वाजवणारा बदलो, आवर्तन चालूच राहते.

या आवर्तनात मुख्यतः तीनच कॉर्ड लागतात. षड्‌जावर उभा असलेला पहिला, मध्यमावर उभा असलेला दुसरा आणि पंचमावर उभा असलेला तिसरा. गिटारवर ‘ई’ या पट्टीत वाजवायचे तर हे कॉर्ड अनुक्रमे ‘ई’, ‘ए’ आणि ‘बी सेव्हन’ असे येतात. पहिले चार बार ‘ई’, पुढचे दोन ‘ए’, पुन्हा दोन ‘ई’. मग एक ‘बी सेव्हन’, एक ‘ए’ आणि शेवटचे दोन ‘ई’वर परतण्यासाठी. अखेरच्या बारमध्ये बहुधा पुन्हा ‘बी सेव्हन’ला स्पर्श करून नव्या आवर्तनाची वर्दी दिली जाते. आपल्याकडे तिहाई संपताना सम येणार हे जसे श्रोत्याच्या मनाला आधी कळते, तसेच हे.

नवशिक्याने ‘ई’ पट्टी निवडावी यामागे सोयीचे कारण आहे. ‘ई’ कॉर्डचा खर्ज म्हणजे मोकळी सहावी तार आणि ‘ए’चा खर्ज म्हणजे मोकळी पाचवी तार. म्हणजे बारापैकी बहुतेक बारांत अंगठ्यासाठी डाव्या हाताला काहीच दाबावे लागत नाही. फक्त ‘बी सेव्हन’साठी पाचव्या तारेचा दुसरा पडदा दाबावा लागतो.

लयीचा डौल मात्र कागदावर उतरत नाही. ब्लूजमध्ये एका मात्रेचे दोन समान भाग क्वचित होतात. मात्रेचे तीन समान भाग कल्पून त्यातला पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला मोकळा सोडायचा. याला ‘शफल’ म्हणतात. दादऱ्याच्या झोक्याची सवय असलेल्या कानाला तो लवकर सापडतो. एकट्याने सरावताना हा झोका हळूहळू सपाट होत जातो आणि वाजवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. समोर बसलेल्याची मान डोलायची थांबली की मात्र लगेच कळते.

कोमल की शुद्ध?

ब्लूजच्या स्वरांविषयीही थोडे जाणून घेतले पाहिजे. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद या पाच स्वरांवर ब्लूजची बरीचशी चाल फिरते. हेच पाच स्वर आपल्या ‘धानी’ रागात येतात. राग म्हणजे निव्वळ स्वरांची यादी नव्हे, त्यामुळे दोन्हींना एक मानणे चूक ठरेल. पण ज्याने धानी ऐकला आहे त्याचा कान अर्धी वाट चालून आलेला असतो. शिवाय ब्लूजमध्ये खालचा कॉर्ड शुद्ध गंधार बोलत असताना वरची चाल कोमल गंधार बोलते. दोन गंधारांचा हा खेळ ‘जोग’ रागाच्या रसिकांना ओळखीचा वाटेल.

खरी गंमत त्याही पलीकडे आहे. ब्लूजचा गंधार अनेकदा कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. गिटारच्या पडद्यांवर तो मिळत नाही. म्हणून वादक तार किंचित खेचतात. ‘ई’ पट्टीत पहिल्या तारेचा तिसरा पडदा दाबून ती तार केसभर ओढली की तो स्वर जागा होतो. सतारीवर मींड काढताना तार खेचतात त्याच जातीची ही क्रिया. श्रुतींची चर्चा ज्या मातीत झाली, तिथल्या शिकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हाताला मात्र शिकवावेच लागते.

गिटारचा आणि आपल्या संगीताचा संबंधही नवा नाही. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर १९०३च्या सुमारास एका वादकाला तारांवर सुरी फिरवताना ऐकले आणि त्याला हवाईयन गिटारची आठवण झाली, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. तीच हवाईयन गिटार पुढे भारतात आली, कोलकात्यात आणि चित्रपटसंगीतात रुळली. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणेवर अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. ब्लूजच्या वळणाची स्लाइड गिटार आणि रागदारीची मींड एकमेकींना किती सहज ओळखतात, याचा तो पुरावा आहे.

सैतानाशी करार, की सोबत्याची साथ?

ब्लूजमधील सर्वांत प्रसिद्ध दंतकथा रॉबर्ट जॉन्सनची. १९११ मध्ये जन्मलेला हा वादक १९३८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत टेक्सासमध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. तेवढ्यावर त्याचे नाव अजरामर झाले. त्याचे ज्येष्ठ समकालीन सन हाउस सांगत, की सुरुवातीला या पोराला काही वाजवता येत नसे. वादक विश्रांतीला उठले की तो त्यांची गिटार उचली आणि लोक वैतागत. मग तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो असा वाजवत, की सगळे थक्क झाले. यातूनच, चौरस्त्यावर मध्यरात्री त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात कला मिळवली, अशी कथा पसरली.

संशोधकांनी जोडलेली हकिगत वेगळी आहे आणि शिकणाऱ्यांसाठी अधिक मोलाची आहे. जॉन्सन आपल्या जन्मगावाच्या, हेझलहर्स्टच्या परिसरात परतला होता. तिथे आइक झिमरमन नावाचा, वयाने मोठा गिटारवादक त्याला भेटला. जॉन्सन त्याच्या घरी राहिला. झिमरमनच्या मुलीने पुढे सांगितल्यानुसार, रात्री दोघे शेजारच्या दफनभूमीत जाऊन समोरासमोर बसून वाजवत. कारण तिथे शांतता होती आणि कोणाची झोपमोड होत नव्हती. म्हणजे ज्याला लोक चमत्कार म्हणाले, तो प्रत्यक्षात रोजचा सराव होता आणि समोर बसलेला एक माणूस होता. झिमरमनचे एकही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले नाही. त्याच्याशिवाय जॉन्सन मात्र घडला नसता.

भिंतीवरची गिटार

दुसरी कथा एलिझाबेथ कॉटन यांची. १८९३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलीने लहानपणीच स्वतःच्या स्वतः गिटार आत्मसात केली. त्या डावखुऱ्या होत्या. तारा न बदलता उजव्या हाताची गिटार उलटी धरून त्या वाजवत. साहजिकच खर्ज बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे गेली, म्हणजे सर्व जगाच्या उलट. लग्न, संसार आणि घरकामाच्या नोकऱ्या यांत पुढे गिटार सुटली, ती काही दशके.

वॉशिंग्टनमधील एका दुकानात काम करत असताना चुकलेली एक लहान मुलगी त्यांनी तिच्या आईकडे पोहोचवली. ती पेगी सीगर. संगीतज्ञ सीगर कुटुंबाने त्यांना घरकामासाठी ठेवले. त्या घराच्या भिंतीवर एक गिटार टांगलेली असे. साठीकडे झुकलेल्या कॉटनबाईंनी ती एक दिवस खाली काढली आणि जुने सूर शोधू लागल्या. घरातल्या मुलांनी ते ऐकले आणि त्यांचा पिच्छा सोडला नाही. माइक सीगर याने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले आणि १९५८ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे त्या देशभर फिरल्या. १९८५ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांना ग्रॅमी मिळाले.

‘आता या वयात काय शिकणार?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही. त्यातली खरी मेख मात्र वेगळी आहे. वय आड आले नाही ते ऐकणारे कान घरात होते म्हणून. त्या मुलांनी बाईंना तंत्र शिकवले नाही. शिकवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हतेच. ‘पुन्हा वाजवा’ एवढेच त्यांनी म्हटले.

सोबती नेमके काय करतो?

आपल्याकडे गुरूचे स्थान मोठे आहे आणि ते तसेच असावे. तरीही एकत्र शिकण्याची परंपराही याच परिसराची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले आणि मिरजेत पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकलेले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे एका घराच्या माडीवरून उतरून वर्गात आले, पुस्तकात आले, स्वरलिपीत आले. एका बाकावरचे दोघे एकमेकांचे ऐकू लागले. अमेरिकेतही १९६०च्या दशकात काहीसे असेच घडले. गॅरी डेव्हिस यांच्या न्यूयॉर्कमधील घरी तरुण विद्यार्थी शिकायला जात. त्यांपैकी स्टीफन ग्रॉसमन याने शिकलेले ‘टॅब’मध्ये उतरवून इतरांसाठी पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका काढल्या. सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे, अशी ही साधी लिपी आहे. ती आठवडाभरात वाचता येते.

सोबत शिकणारा गुरूची जागा घेत नाही. तो वेगळे काम करतो. जो माणूस तुमच्यापेक्षा दोनच पायऱ्या पुढे आहे, त्याला मागची पायरी कुठे निसरडी होती हे अजून आठवत असते. निष्णात वादकाला ते आठवत नाही. त्याचा हात आपोआप चालतो. ‘मी मनगट थोडे खाली घेतले आणि कॉर्ड स्वच्छ वाजू लागला’, हे सहाध्यायीच सांगू शकतो. दुसरे असे, की आपली प्रगती आपल्याला दिसत नाही. रोज आरशात पाहणाऱ्याला मूल वाढलेले कळत नाही. महिन्याने आलेल्या पाहुण्याला कळते. तिसरे कारण सर्वांत व्यावहारिक आहे. शनिवारी चौघे जमणार हे ठरले असले, की शुक्रवारी रात्री गिटार कपाटावरून खाली येतेच.

चार जणांनी आठवड्यातून एकदा दीड तास जमायचे ठरवले, तर त्या वेळेचा उपयोग असा करता येईल. प्रथम सर्वांनी तारा एकमेकांशी जुळवून घ्याव्यात. यंत्रावर जुळवल्या तरी शेवटी कानाने तपासाव्यात. हा स्वतंत्र धडाच आहे. मग बारा बारांचे आवर्तन मिनिटाला ५० ते ६० मात्रांच्या संथ लयीत सुरू करावे. एकाने फक्त अंगठ्याने खर्ज धरावा, दुसऱ्याने कॉर्ड वाजवावेत, तिसऱ्याने वरची चाल शोधावी, चौथ्याने पायाने ताल द्यावा आणि ऐकावे. आवर्तन संपले की कामे बदलावीत. जे पुढे एकट्या हाताने एकत्र करायचे आहे, ते आधी चौघांत वाटून घेण्याचा हा मार्ग आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे कानात बसला, की हातात बसायला वेळ लागत नाही. लागोपाठ तीन आवर्तने स्वच्छ आली तरच लय चार-पाच मात्रांनी वाढवावी. आपल्याकडे ठाय पक्की झाल्याशिवाय दुगुन घेऊ नये म्हणतात, तोच नियम.

यानंतर प्रत्येकाने दोन मिनिटे एकट्याने वाजवावे आणि इतरांनी मधे थांबवू नये. ब्लूजमध्ये गाणारा एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला ही कल्पना समजावावी लागणार नाही. एकाने दोन बारांचा सवाल टाकावा, दुसऱ्याने दोन बारांत जवाब द्यावा. चुकीची भीती मोडायला याहून चांगला खेळ नाही.

कौतुकाचे पथ्य

प्रोत्साहन म्हणजे सरसकट वाहवा नव्हे. ‘छान वाजवलेस’ या शब्दांनी क्षणभर बरे वाटते. शिकायला काही मिळत नाही. ‘मागच्या वेळी बी सेव्हनला अंगठा थांबत होता, आज थांबला नाही’, हे खरे कौतुक. त्यात ऐकणाऱ्याने लक्ष दिल्याचा पुरावा आहे. दोष सांगायचा तर एका वेळी एकच सांगावा आणि तोही विचारल्यावर. पाच दोष एकदम ऐकले की माणूस पाचही विसरतो आणि पुढच्या शनिवारी येत नाही.

सोबतीचे धोकेही आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. चौघांपैकी एक जण पटकन पुढे जातो आणि बाकीचे स्वतःला त्याच्याशी मापू लागतात. गटातली एक चुकीची सवय सर्वांना लागू शकते. वाकडे मनगट किंवा घाईची लय संसर्गजन्य असते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाणकार शिक्षकाला वाजवून दाखवणे आवश्यक आहे. तालमीत जोड कितीही चांगला असला तरी वस्तादाची नजर लागतेच. आपले वादन फोनवर मुद्रित करून आठवड्याने ऐकण्याची सवयही उपयोगी पडते. तो सोबती कधी खोटे बोलत नाही.

दुखण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. धातूच्या तारांनी बोटांची टोके सुरुवातीचे काही आठवडे हुळहुळतात आणि मग कातडी टणक होते. हे स्वाभाविक आहे. मनगटात कळ येणे, बोटांना मुंग्या येणे हे स्वाभाविक नाही. तसे झाले तर वादन थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ‘सोसल्याशिवाय विद्या येत नाही’ हे वचन इथे लावू नये. दिवसाला २० मिनिटांचा नेमाने केलेला सराव रविवारच्या तीन तासांपेक्षा हाताला मानवतो आणि लक्षातही अधिक राहतो.

वाद्य महागडे असण्याची गरज नाही; पण तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर नवशिक्याचा हात नाहक शिणतो. घेताना सोबत वाजवणारा माणूस न्यावा. आपल्या शेजारच्या मिरजेत, जिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तंबोऱ्याची जवारी लावताना तारेला हेतुपुरस्सर झणत्कार दिला जातो. गिटारवर पडद्याला घासून येणारा तसाच झणत्कार मात्र दोष समजावा आणि दुरुस्त करून घ्यावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसून गिटार पेटीत ठेवणे हा साधा उपाय आहे.

ही कला कोणाची?

एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला तर हा विषय अपुरा राहील. ब्लूज ही गुलामगिरीतून सुटलेल्या, पण हक्क आणि जमीन यांपासून वंचित राहिलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्त्यांत वाढलेली कला आहे. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रण केले. मंदी आली आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. १९६३ मध्ये एका तरुण संशोधकाने, त्यांच्याच गाण्यातील ॲव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून माग काढत, त्यांना शोधले, तेव्हा ते सत्तरीत होते. उरलेल्या तीन वर्षांत त्यांना मोठे व्यासपीठ मिळाले. मधली ३५ वर्षे कोणी परत दिली नाहीत. ज्यांनी कला घडवली त्यांना मान आणि मोबदला उशिरा मिळाला, काहींना मिळालाच नाही. तमाशा आणि लावणीच्या कलावंतांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला ही हकिगत दूरची वाटू नये.

म्हणून या संगीताची नक्कल करण्यापेक्षा ते समजून घेणे महत्त्वाचे. शिलाँगचा ‘सोलमेट’ हा २००३ मध्ये स्थापन झालेला ब्लूज बँड किंवा मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेला महिंद्रा ब्लूज महोत्सव यांनी भारतात या संगीताला श्रोता मिळवून दिला. गटातल्या चौघांनी दर आठवड्याला एका जुन्या वादकाचे एक गाणे एकत्र ऐकावे आणि तो कोण होता, कुठे राबत होता, हे एकमेकांना सांगावे. सरावाइतकाच हाही शिक्षणाचा भाग आहे.

मंचावर जाण्याचे उद्दिष्ट सर्वांनी ठेवण्याचे कारण नाही. भजनी मंडळात बसणारा प्रत्येक जण गवई होत नाही. पण टाळ हातात घेतला की तो गाण्याच्या आत असतो, बाहेर नसतो. फिंगरस्टाइल ब्लूज शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी एवढेच साधले तरी पुरेसे आहे, की बारा बारांचे एक आवर्तन न थांबता, स्वतःच्या अंगठ्याच्या भरवशावर, पूर्ण यावे. ते आले की पुढच्या हजार गाण्यांचा दरवाजा उघडतो. ज्यांची गिटार आज कपाटावर आहे, त्यांनी नवे पुस्तक वा नवे वाद्य घेण्याआधी आपल्या गल्लीत, कचेरीत, मित्रमंडळींत अशी कपाटावरची आणखी एखादी गिटार आहे का, याची चौकशी करावी. आखाड्यात उतरायचे तर आधी जोड शोधावा लागतो, हे या शहराला सांगायला नको.